तिसऱ्या अंकानंतरचं जेवण

लालबागची

परवा दादर स्टेशनात मी एका प्लॅटफॉर्मवर आणि माझी धाकटी बहीण समोरच्या. मध्ये रूळ, डोक्यावर अनाउन्समेंटचा अखंड गजर, तरी आम्ही दोघी पाचेक मिनिटं व्यवस्थित बोललो. थोडं भांडलोसुद्धा. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. माझी मुलगी बघतच राहिली. "हे कुठे शिकलात तुम्ही?" म्हटलं, बाबांकडून. पण बाबांना हे येतं हे आम्हाला कळलं ते एका जेवणात. मग घरी येईपर्यंत तेच डोक्यात, म्हणून इथे लिहितेय.

१९८१ साल. दिवाळी होऊन गेली होती, हवेत जरा गारवा होता. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. गिरणीतल्या मंडळींनी कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतलं होतं आणि त्यात बाबांना एक वाक्य होतं. एकच. "साहेब, बाहेर पोलीस आलेत." ते वाक्य आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत महिनाभर चाललं. आई भाजी चिरताना म्हणायची, "आले तर येऊ देत, चहा टाकते."

तालमी घ्यायला एक गृहस्थ यायचे. व्यावसायिक रंगभूमीवर प्रॉम्प्टर होते, विंगेतून नटांना वाक्यं सुचवायचे. दिवसा कुठेतरी कारकुनी आणि संध्याकाळी नाटक. त्यांची बायको त्याच नाटक कंपनीत काम करायची. नायिकेची जाऊ, नायकाची आई, शेजारीण, अशा भूमिका. त्यांची बाबांशी का जमली कोण जाणे, पण एका रविवारी त्यांनी आम्हा चौघांना शिवाजी मंदिरला रात्रीच्या प्रयोगाला बोलावलं. वर निरोप, "जेवून यायचं नाही. जेवण आमच्याकडे, प्रयोगानंतर."

मी अकरा वर्षांची आणि माझं तोंड फुगलेलं. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा असायचा, तो शेजाऱ्यांच्या दारात बसून बघायचा सोडून हे कसलं नाटक! त्यात प्रयोग साडेआठचा, म्हणजे जेवण बारा वाजता. आईनं गुपचूप आम्हा बहिणींना मध्यंतरात बटाटावडा घेऊन दिला. तिथला वडा मात्र लक्षात आहे, नाटक विसरले.

नाटकातला एकच प्रसंग आठवतो. काकू (मी त्यांना काकूच म्हणायचे) सगळ्या कुटुंबाला जेवायला वाढतात. पातेल्यात काही नाही, डावात काही नाही, तरी त्या अशा वाढत होत्या की माझी धाकटी बहीण मोठ्यानं म्हणाली, "मला पण." पुढच्या दोन रांगा हसल्या.

प्रयोग संपल्यावर आम्ही खाली प्लाझासमोर उभे. सेट उतरून बसमध्ये चढत होता. मग सगळी वरात चालत निघाली. काकू, प्रॉम्प्टरकाका, मेकअपमन, स्पूलवर पार्श्वसंगीत वाजवणारा एक पोरगेला मुलगा, सेट गोडाऊनला टाकून परत आलेला बसचा ड्रायव्हर, आणि नाटकातले मुख्य नट. हो, तेच. त्यांना घरी सोडायला गाडी आली होती. ती त्यांनी परत पाठवली आणि चपला फटकारत आमच्याबरोबर चालू लागले.

घर चाळीतलं, तिसऱ्या माळ्यावर, दोन खोल्या. काकूंचे त्या दिवशी दोन प्रयोग झालेले. शेजारच्या आजींनी भात लावून ठेवला होता, बांगड्याचं तिखलं सकाळीच करून ठेवलेलं. सोलकढी तेवढी काकूंनी आल्या आल्या काढली. तोंडावरचा मेकअप खोबरेलानं पुसला होता, पण कानामागे पांढरं राहिलं होतं. आई म्हणाली, तुम्ही बसा हो, मी वाढते. तर म्हणाल्या, "संध्याकाळपासून रिकाम्या पातेल्यातनं वाढतेय. आता मला खरं वाढू दे."

ताटं चार घरांतून गोळा केलेली. प्रत्येकावर वेगळं नाव कोरलेलं. बाबांच्या ताटावर कुणाच्या तरी मुंजीची तारीख होती. खोलीत माणसं मावेनात, म्हणून अर्धी पंगत गॅलरीत.

मला वाटलेलं, आता नाटकवाले नाटकाच्या गोष्टी सांगणार. नाही सांगितल्या. काका सारखे बाबांनाच विचारत होते. साचा कसा चालतो? धोटा उडून लागतो का कुणाला? सुताचा धागा तुटला हे कळतं कसं? आमच्या घरात बाबांना गिरणीबद्दल कधी कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. बाबा आधी "होय", "नाय" एवढंच. मग हळूहळू खुलले.

बोलता बोलता आईनं काकांना विचारलं, तुमचं काम नेमकं काय असतं? काका म्हणाले, "वहिनी, माझी पंचाईत अशी, की मोठ्यानं बोललो तर माईक धरतो आणि हळू बोललो तर नट धरत नाही. म्हणून मी बोलतच नाही. नुसते ओठ हलवतो. ज्याला कळलं तो तरला."

त्यावर बाबा जेवता जेवता थांबले. म्हणाले, "मगे आमच्या खात्यात काय येगळा करतत? थयसर कोणाक काय ऐकाक येता?"

शेकडो साचे एकदम धडधडतात तिथे ओरडून उपयोग नसतो. चार साचे पलीकडच्या माणसाशी ओठांनी बोलायचं, जोडीला हाताच्या खुणा. जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय, चहा आला, गावाहून पत्र आलं, सगळं असंच.

काकांनी हात धुतले, नाटकाची वही घेतली आणि गॅलरीच्या त्या टोकाला गेले. बाबा या टोकाला. मध्ये निम्मी चाळ जागी होऊन दारात आलेली. काका ओठांनी नायिकेची वाक्यं वाचतायत आणि बाबा ती मोठ्यानं म्हणतायत. एकही चुकलं नाही. फक्त सगळी मालवणीत. "माका सोडून जाव नुको" असं बाबांनी हातात बांगड्याचा काटा धरून, भावनाशून्य चेहऱ्यानं म्हटलं, आणि काकू डाव हातात घेऊन भिंतीला टेकून बसल्या, इतक्या हसल्या.

मग मुख्य नटांनाही हुक्की आली. "मला काहीतरी सांगा, मी ओळखतो." बाबांनी ओठ हलवले. त्यांना कळेना. परत. परत. चौथ्या खेपेला बाबांनी उघड सांगून टाकलं, "तुमच्या शर्टाक कढी लागली हा."

ते गृहस्थ रात्रभरात याउपर फारसे बोलले नाहीत. कढी दोनदा मागून घेतली आणि जाताना आपलं ताट मोरीवर नेऊन स्वतः विसळून ठेवलं.

काकूंनी मात्र बाबांना सोडलं नाही. पहाटेपर्यंत त्या ओठांचं शिकत होत्या. "भूक लागली", "पाणी दे", "हा माणूस फार बोलतो". आम्ही दोघी पोरी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. बहीण मध्येच झोपली. चारच्या पुढे खाली उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर फुलवाले टोपल्या उतरवत होते. पहिल्या गाडीनं करी रोडला आलो. आईच्या हातात कढीची बरणी होती, काकूंनी दिलेली.

---

भटकभवानी

कढी लागली हा 😂 ऑफिसात वाचलं, सगळे वळून बघतायत.

---

ठाणेकर

छान लिहिलंय. पण मुख्य नट कोण ते सांगा की! ८१ साली शिवाजी मंदिरला रविवारी रात्रीचे प्रयोग लागायचे असे किती जण असतील? मी तीन नावं काढली आहेत. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करू का?

---

लालबागची

ठाणेकरकाका, व्यनि नको आणि नावही नको. मी सांगितलं की धागा त्यांच्यावर जाईल, आणि त्या रात्री ते पाहुणेच होते हो, आमच्यासारखे.

---

शंकासुर

लेख आवडला, पण दोन शंका. एक, बाबांची सोमवारी सकाळी सातची पाळी असणार, मग पहाटेपर्यंत बसले कसे? दुसरं, साचेखात्यात ओठ वाचायचे हे ऐकलेलं नाही. आठवणीला थोडी साखर लागते, मलाही लागते, राग मानू नये.

---

त्रासनखातं

शंकासुर, माझे दोन्ही काका साचेखात्यात होते, वडील त्रासनमध्ये, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. ओठांचं अगदी खरं आहे. खात्याचा दरवाजा उघडला की आवाज अंगावर यायचा, कानावर नव्हे. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोलायची. त्याची दुसरी बाजू अशी की घरी आल्यावर काका इतक्या मोठ्यानं बोलायचे की पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. वीस वर्षांत कान गेले होते त्यांचे. काकी त्यांच्यासमोर येऊन, तोंड दाखवून बोलायची. पाठमोरी बोलली तर उत्तर यायचं नाही, आणि हे कुणी आजारपण वगैरे समजत नसे. साच्यावरचा माणूस असाच, एवढंच.

बाबांचा एकच वाक्याचा रोल वाचून आमचे एक शेजारी आठवले. त्यांना दामोदर हॉलमध्ये मुडद्याचं काम होतं. मध्यंतरानंतर शिंकले.

---

लालबागची

शंकासुर, राग कसला. त्या आठवड्यात बाबांची दुसरी पाळी होती, दुपारी साडेतीनची. नाहीतर आईनं नाटकालाच जाऊ दिलं नसतं.

साखरेचं म्हणाल तर एका ठिकाणी लागली असेल. मुंजीची तारीख बाबांच्या ताटावर होती की माझ्या, यावर बहिणीचा आणि माझा वाद आहे.

त्रासनखातं, मुडद्याची शिंक 🙏

---

विंगेतून

सहसा मी इथे फक्त वाचतो. पण प्रॉम्प्टरचा विषय निघाला म्हणून लिहितो. सोळा-सतरा वर्षं बॅकस्टेजला काढली, त्यातली शेवटची चार वही घेऊन विंगेत.

लोकांना वाटतं प्रॉम्प्टर म्हणजे नट विसरला की वाक्य सांगणारा. खरं काम त्याच्या आधीचं. नट थांबलाय, तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे ओळखायचं. मुद्दाम घेतलेल्या पॉजमध्ये तुम्ही शब्द फेकलात तर प्रयोगानंतर शिव्या. विसरलेला असताना गप्प बसलात तरी शिव्या. त्यामुळे वही समोर असली तरी डोळे नटाच्या चेहऱ्यावर. माझा अनुभव असा, की विसरलेला माणूस आधी डोळ्यांनी विंग शोधतो. मानेनं नाही, फक्त डोळ्यांनी. ते दिसलं की पहिला शब्द द्यायचा. अख्खं वाक्य कधीच नाही. पहिला शब्द मिळाला की पुढचं त्याचं त्याला येतं.

माईकचं तुमच्या काकांनी सांगितलं ते अगदी बरोबर. रंगमंचाच्या कडेला फूटमाईक असायचे, वरून एक-दोन टांगलेले. ते नटाचा आवाज सोडतील, पण विंगेतली कुजबुज नेमकी उचलतील. एकदा माझं "अहो, दुसरा अंक नाही, तिसरा!" हे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं होतं.

आणि घरी बोलावण्याबद्दल. प्रयोगानंतर नाटकवाल्यांना झोप येत नाही, दोन-अडीच वाजेपर्यंत अंगात वीज असते. मोठे नट कुठेतरी बसतात. आम्हा बाकीच्यांच्या हातात नाइटचे, म्हणजे त्या प्रयोगाचे, मोजके पैसे, हॉटेलं बंद झालेली. म्हणून कुणाच्या तरी घरी पिठलं-भात. त्या घरच्या बाईचे हाल व्हायचे, हेही लिहून ठेवतो. तुमच्या काकू स्वतः प्रयोग करून येऊन वाढत होत्या हे वाचून मी जरा थांबलो. आम्ही ज्यांच्या घरी जायचो त्या वहिनींना कधी "तुम्ही बसा" म्हटल्याचं मला आठवत नाही.

---

भटकभवानी

@विंगेतून, तुम्ही वेगळा धागा काढा प्लीज. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

पांढरी पेटी

मी उलट बाजूचा अनुभव सांगते. आमच्या ऑफिसच्या ओळखीतून जुहूला एका निर्मात्याच्या घरी संध्याकाळच्या पार्टीला गेले होते. हिरवळ, दिव्यांच्या माळा, खुर्च्यांच्या रांगा. तीन तासांत बस असं कुणी म्हटलं नाही. ज्यांना म्हणायचं ते यजमान मला शेवटी गेटवर भेटले. तेही मला वॉचमननं विचारलं, "मॅडम, साहब मिले क्या?" तेव्हा. घरी येऊन खिचडी टाकली.

---

कोकणकडा

आमच्या आजोबांकडून ऐकलेलं. ते लालबागला खानावळीत जेवायचे, गाळ्यात वीस जण राहायचे. हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे, आणि एका फडातला ढोलकीवाला आजोबांच्या तालुक्यातला निघाला. पहिल्यांदा आजोबा फुकट तमाशा बघायला मिळेल म्हणून गेले. मागच्या बाजूला बायका तीन दगडांवर भाकऱ्या थापत होत्या. थोड्या वेळापूर्वी ज्यांच्यावर लोक टोप्या उडवत होते त्याच. त्यातल्या एकीनं विचारलं, "भाऊ, गावाकडं पाऊस हाय का?" आजोबा म्हणायचे, मुंबईत येऊन सहा महिन्यांत मला कुणी पावसाचं विचारलं नव्हतं. त्यांच्यात बसून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन आले, आणि तमाशा बघायचा राहून गेला.

खानावळीतल्या दोघांनी नंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं, तमासगिरांत जेवला म्हणून. तेही आजोबा हसतच सांगायचे, पण दर वेळी सांगायचे.

(अवांतर: दामोदर हॉलचा उल्लेख आला म्हणून. १९२२ सालचा तो हॉल पुनर्विकासासाठी २०२३ च्या शेवटी बंद झाला. गिरणगावातल्या नाटकवाल्यांनी त्यासाठी आंदोलनही केलं होतं.)

---

ठाणेकर

शिवाजी मंदिर १९६५ चं, त्यामुळे ८१ साली ते सोळाच वर्षांचं होतं. आम्ही त्याला तेव्हाच जुनं म्हणायचो. वडा मात्र माझ्या मते तिथला नाही, छबिलदासच्या गल्लीतला श्रीकृष्णचा. यावर मी चर्चा करायला तयार आहे.

---

भटकभवानी

नको काका, वड्यावरून मागचा धागा बंद करावा लागला होता.

---

त्रासनखातं

लालबागची ताई, एक विचारू का? तुम्ही ८१ च्या दिवाळीनंतरचं सांगताय. म्हणजे पुढे दोन-अडीच महिन्यांत गिरण्यांचा संप. बाबांचं नाटक स्पर्धेत झालं का? आणि त्या काका-काकूंशी नंतर संबंध राहिला का? सांगायचं नसेल तर राहू दे. आमच्या घरात त्या वर्षांबद्दल अजूनही कुणी बोलत नाही.

---

लालबागची

सांगते. यासाठी दोन दिवस घेतले, सॉरी.

नाटक झालं. बाबांनी "साहेब, बाहेर पोलीस आलेत" हे वाक्य बरोबर म्हटलं, पण ओठांनीच. आवाज फुटलाच नाही. पहिल्या रांगेतल्या परीक्षकांना काही कळलं नाही. आमच्या रांगेतल्या सगळ्या साचेवाल्यांना कळलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुरुवातीला सगळे म्हणत होते महिना, फार तर दोन महिने. होळीपर्यंत आईच्या पाटल्या गेल्या. मे महिन्यात आम्हा दोघींना गावी पाठवायचं ठरत होतं, शाळा सोडवून. आईचं आणि बाबांचं त्यावरून रात्री भांडण व्हायचं. आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून ओठांनी. आता आम्हाला ते येतं हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी प्रॉम्प्टरकाका आमच्या चाळीत आले. पैसे वगैरे काही काढले नाहीत. काढले असते तर बाबांनी त्यांना जिना दाखवला असता आणि ते त्यांना माहीत असावं. चहा प्यायले आणि म्हणाले, "आमचा सेट लावणारा एक माणूस गावाला गेलाय. मला विंगेत माझं बोलणं कळणारा कुणीतरी पाहिजे. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?"

बाबा म्हणाले, "बघूक व्हया." दुसऱ्या दिवशी स्वतःच गेले.

पुढची चार-पाच वर्षं बाबा नाटकाचे सेट लावायचे. फळ्या, फ्रेमा, सोफा, तुळशीवृंदावन, सगळं बसमधून उतरवायचं, ठोकायचं, रात्री परत चढवायचं. नाइटवर पैसे. दौरा असला की चार दिवस घरी नाहीत. संप उघडपणे संपला असं कुणी म्हटलंच नाही, पण बाबांची गिरणी काही त्यांना परत मिळाली नाही. आम्हा दोघींची शाळा मात्र सुटली नाही.

ते जेवण पुन्हा तसं झालं नाही. काकूंकडे आम्ही अनेकदा गेलो, पण दिवसा, चहाला. एकदा काकूंनी आईला विचारलं होतं, "त्या रात्रीची बरणी कुठाय गं माझी?" आईनं दुसऱ्या दिवशी तिच्यात लोणचं भरून पाठवली.

एकदा सुट्टीत बाबा मला प्रयोगाला घेऊन गेले आणि विंगेत एका ट्रंकेवर बसवलं. हलायचं नाही, शिंकायचं नाही. समोरच्या विंगेत काका वही घेऊन, या विंगेत बाबा. मध्ये लख्ख उजेडात काकू. मुलगा घर सोडून जातो तो प्रसंग. पुढे प्रेक्षकांत कुणीतरी नाक ओढत होतं.

काका समोरून ओठांनी म्हणाले, "वडे?"

बाबा म्हणाले, "दोनच उरलेत."

तेवढ्यात काकू पदरानं डोळे पुसायला आमच्या विंगेकडे वळल्या. प्रेक्षकांकडे पाठ, खांदे अजून हुंदक्यांनी हलतायत. ओठ हलले.

"एक माझा."